वरची पायरी

मेणबत्ती तेवढी पुरे, दुसरी लावू नका. आणि मध्येच कुणी पाणी प्यायला उठायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

ही गोष्ट ज्यांची, त्या मिस्त्रींना मी चांगला ओळखतो. सुतारकाम करायचे. तुमच्या पाठीमागची ती खिडकी त्यांच्याच हातची. इतक्या वर्षांत कधी कुरकुरली नाही. माणूसही तसाच, न कुरकुरणारा. जे घडलं ते डिसेंबरातल्या एका बुधवारी सुरू झालं आणि जानेवारीतल्या अमावास्येला, शुक्रवारी, संपलं.

त्या बुधवारी रात्री आठच्या सुमारास मिस्त्री हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून निघाले. मुलगी कॉलेजात जाणारी, अभ्यासाला बसली होती. तिला म्हणाले, "दाराचं काम आलंय. जाऊन येतो."

"कुणाचं दार?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी चपला शोधायचं निमित्त केलं आणि उत्तर टाळलं. कारण दार खड्ड्याचं होतं.

खड्डा म्हणजे आमच्या भागातला दारूचा गुत्ता. बोर्डावर काहीतरी झोकदार नाव होतं, पण ते कधी कुणी वाचलं नाही. गल्लीच्या आतल्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून जावं लागायचं, म्हणून खड्डा. घरोघरच्या बायका चिडून म्हणायच्या, "जा खड्ड्यात!" आणि हे शहाणे खरंच चपला घालून निघायचे.

आत काय होतं म्हणाल, तर काही नाही. चार बाकं. डुगडुगणारी टेबलं, ज्यांच्या पायाखाली मिस्त्रीच पुठ्ठ्याच्या घड्या सरकवायचे. एक पंखा, जो फिरायचा, पण वारा कुणाला लागायचा ते त्यालाच ठाऊक. मोरीचा वास. भिंतीला टेकलं की पाठीला चुना. पण मिस्त्रींना फर्निचरच्या कारखान्यातून काढून टाकलं, त्या संध्याकाळी घरी तोंड कसं दाखवायचं म्हणून ते तिथे उतरले, आणि गुत्त्याच्या मालकाने काही न विचारता त्यांना बसायला जागा करून दिली. तिथे कुणी काही विचारायचं नाही, हीच तर मेख होती. रिटायर झालेले मास्तर, शिंपी, ड्रायव्हर, सगळे एका बाकावर. शिंप्याचं पोरगं आजारी पडलं तेव्हा अख्खा खड्डा रक्त द्यायला दवाखान्यात जाऊन उभा राहिला होता. डॉक्टरांनी वास घेऊन निम्म्यांना परत पाठवलं, ती गोष्ट वेगळी.

आणि त्याच वेळी प्रत्येकाच्या घरी कुणीतरी ताट झाकून बसलेलं असायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलायचं मात्र कुणी नाही.

मिस्त्रींच्या घरी वहिनी होत्या. केस अर्धे पिकलेले, तरी कॉलेजात जाणाऱ्या मुलीची वेणी रोज त्याच घालायच्या. नवऱ्याला न्यायला त्या नऊच्या सुमारास यायच्या. आत कधी पाऊल टाकलं नाही. वरच्या पायरीवर थांबायच्या. आत बसलेल्यांना फक्त त्यांची पावलं दिसायची. चौकटीवर बोटांनी टकटक करायच्या आणि हळूच म्हणायच्या, "अहो... चला ना."

मिस्त्री मागे वळूनही न बघता म्हणायचे, "आलोच. तू हो पुढे."

मग त्या पुढे व्हायच्या.

त्या डिसेंबराच्या आधीच्या फेब्रुवारीत, एका रात्री त्या अशाच पुढे झाल्या. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे दिवे न लावता आलेल्या एका ट्रकने त्यांना उडवलं. खड्ड्यात कुणाला पत्ता नाही. मिस्त्रींनी आणखी एक ग्लास रिचवला, मग सावकाश उठले. गल्लीच्या तोंडाशी चार माणसं उभी होती. रस्त्यावर एक चप्पल पडली होती. कुणाचं तरी काही झालेलं दिसतंय, असं मनाशी म्हणत मिस्त्री त्या चपलेला वळसा घालून घरी गेले. घराला कुलूप होतं.

शेजारणीने सांगितल्यावर धावत दवाखाना गाठला, तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "आई सारखी विचारत होती. बाबा घरी आले का, जेवले का."

त्या रात्रीपासून मिस्त्रींनी दारू सोडली. ती गल्लीही सोडली. कुठे जायचं झालं तरी लांबून फेरा घालायचे. बापलेक एकमेकांशी जपून जपून बोलायचे, जसं एखादं तडा गेलेलं भांडं हाताळावं. पण घर पुन्हा उभं राहत होतं. अशात मालकाचा निरोप आला: दार लागत नाही, दुसऱ्या कुणाला जमत नाही, तुम्हीच या.

मिस्त्रींनी दार पुढेमागे करून पाहिलं. बिजागऱ्या पाहिल्या. कडी लावली, काढली.

"मालक, दाराला काही झालेलं नाही."

"माहीत आहे." मालकाने कपाळावरचा घाम पुसला. डिसेंबरात. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

"काय खरं?"

मालकाने वरच्या पायरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी येतात, मिस्त्री."

मिस्त्रींनी हातातली पिशवी टाकली आणि त्याची कॉलर धरली. हा माणूस कुणावर हात उगारेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. मास्तर बाकावरून उठले, त्यांनी मिस्त्रींची बोटं एकेक करून सोडवली.

"त्याच्यावर काय चिडता? आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. महिना झाला. गिऱ्हाईक निम्मं पळालं. बसा तुम्ही. नऊ वाजत आलेत."

मिस्त्री बसले. त्यांच्या नेहमीच्या जागी, दाराकडे पाठ नको म्हणून उलटे. समोर पाण्याचा ग्लास. पंखा तेवढा करकर करत होता.

मग शिंप्याचा हात थांबला. ग्लास ओठापर्यंत आलेला, तिथेच राहिला. ड्रायव्हरने डोळे मिटून घेतले. मालक भिंतीला चिकटला.

"काय?" मिस्त्री म्हणाले. "काय झालं?"

मास्तर पायरीकडे बघत होते.

"आल्यात..."

मिस्त्रींनी पाहिलं. पायरी. रिकामी पायरी. त्यावर गल्लीतल्या दिव्याचा उजेड.

"कुठे? मास्तर, कुठे आहे?"

"पावलं दिसतायत. एका पायात चप्पल आहे. एक पाय... अनवाणी."

"काय म्हणते?"

मास्तर पायरीवरची नजर न हलवता म्हणाले, "अहो... चला ना."

मिस्त्री धडपडत पायऱ्या चढले. "आलो, हा बघ आलो!" गल्लीत कुणी नव्हतं. ते रस्त्यापर्यंत गेले, हाका मारल्या, परत आले. सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं. एका त्यांनाच काही दिसलं नव्हतं, आणि काही ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. मुलीला सांगायचे, काम वाढलंय. लोक भुताला भिऊन घरात बसतात. हा माणूस भूत आपल्याला भेटत नाही म्हणून झुरत होता. घरी ती यायची नाही. आली तर खड्ड्यातच यायची. मिस्त्री कान देऊन बसायचे आणि मास्तरांना विचारत राहायचे. आवाज बसलाय का तिचा? थंडी वाजत असेल का? चिडलेली वाटते का? मास्तर म्हणायचे, "नाही हो, चिडलेल्या नाहीत. नेहमीसारख्याच." ते ऐकून मिस्त्री लहान मुलासारखे हुंदके द्यायचे.

आणि मग एके दिवशी त्यांच्या मनाने घेतलं की तेव्हा आपण पिऊन बसायचो, तेव्हा ती ऐकू यायची. मालकाने नाही नाही म्हटलं, हात जोडले. मिस्त्रींनी बाटली स्वतःच उचलली. एक ग्लास. मग दोन. तिचा आवाज काही आला नाही. पण घरी ताट पुन्हा झाकलं जाऊ लागलं. आता ते मुलगी झाकत होती. बाप दारात आला की तिला वास यायचा. ती वही घेऊन आतल्या खोलीत जायची.

मग जानेवारीतली ती अमावास्या आली. शुक्रवार. संध्याकाळपासून अख्ख्या भागातले दिवे गेले होते. खड्ड्यात टेबलावर एक मेणबत्ती. मिस्त्री भरपूर प्यायले होते. डोकं हातात धरून बसले होते, आणि त्या दिवशी, कसं कोण जाणे, दाराकडे पाठ करून.

चौकटीवर टकटक झाली.

मास्तरांनी मान वर केली. वरच्या पायरीवर दोन पावलं. अंधूक. पण आज दोन्ही पायांत चपला होत्या... मास्तरांच्या ते ध्यानात येईपर्यंत आवाज आला. हळू. भीत भीत.

"चला ना..."

मिस्त्री मागे न बघता म्हणाले, "आलोच. तू हो पुढे."

पावलं वळली. गेली.

मग मिस्त्री ताडकन उभे राहिले. चेहरा उजळला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ऐकलं! मास्तर, मी ऐकलं! तिचा आवाज! आली ती... माझ्यासाठी आली..."

मास्तर दाराकडेच बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अहो, तुम्हीही ऐकलंत ना?"

"मिस्त्री," मास्तर म्हणाले, "ती तुमची पोर होती."

...

मिस्त्री कसे पळाले, ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही. पायरीवर गुडघा फुटला. गल्लीत मिट्ट काळोख. स्वतःच्या छातीचे ठोके. आणि लांबून... मोठ्या रस्त्याकडून... घरघर. जड गाडीची. उजेड मात्र नाही.

त्यांनी मुलीला हाक मारली. हाक त्या घरघरीत विरली.

घरघर वाढली. जवळ. अगदी जवळ. गल्लीच्या तोंडावरून काहीतरी अवाढव्य, काळं, वारा कापत निघून गेलं. जमीन हादरली. मग शांतता.

मिस्त्री तिथेच बसले. पुढे जायचा धीर होईना. जे दिसेल ते बघायला डोळे उरले नव्हते.

"बाबा..."

ती उभी होती. रस्त्यापासून हातभर अलीकडे. ताठ. मान जराशी मागे ओढल्यासारखी.

"बाबा, मागून कुणीतरी माझे केस धरले होते. किती वेळ... मला हलताच येईना. आता सोडले."

मिस्त्रींनी तिला छातीशी धरलं. मग अंधाराकडे तोंड करून म्हणाले, "अगं... मी आलोय. बोल ना. एकदा तरी." खूप वेळ थांबले. वारासुद्धा नव्हता.

पुढचं आधी सांगून टाकतो. मिस्त्री पुन्हा खड्ड्यात उतरले नाहीत. ती टकटकही पुन्हा कुणी ऐकली नाही. मालकाने उन्हाळ्याच्या आत गुत्ता बंद केला आणि गाव सोडलं. मास्तर अजून कधी भेटले की म्हणतात, संध्याकाळी कुठे जावं ते कळत नाही. मिस्त्रींना मी एकदा विचारलं, वाईट कशाचं वाटतं? म्हणाले, "सगळ्यांशी बोलली ती. माझ्याशी तेवढी नाही."

पण त्या रात्री बापलेक घरी पोचले, तेव्हा दिवे नुकतेच आले होते. मुलगी दाराला कडी लावायला वळली. तिची पाठ मिस्त्रींकडे झाली.

"तू वेणी कधी घातलीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"वेणी? मी आत्ताच डोक्यावरून न्हाऊन तशीच निघाले होते. ओल्या, मोकळ्या केसांनी."

तिने हात मागे नेला. आणि तो तिथेच थांबला.

वेणी होती. घट्ट, एक बट सुटलेली नाही अशी. हाताला कोरडी लागत होती. टोकाला ना फीत, ना रबर. एकच लांब केस कितीतरी वेढे देऊन बांधला होता.

मुलीचे केस काळेभोर. तो केस अर्धा पांढरा होता...