सात रिकाम्या सकाळी

झुरळाची डावी मिशी उजवीपेक्षा तीनेक मिलिमीटर आखूड होती. ते माझ्या पेजेच्या वाटीशेजारी थांबलं, आणि खानावळीच्या मालकानं त्यावर अलगद पेला उपडा घातला.

"माफ करा..." त्याचे कान लाल झाले होते.

"मारू नका. मी कीटकशास्त्रच शिकवते. तुमचं स्वयंपाकघर बघू?"

अशी माझी आणि रुई-फंगची ओळख झाली — तैवानमधल्या ताइनानच्या दमट मे महिन्यात. त्या रात्री मी लावलेल्या चिकट सापळ्यांवर बेचाळीस झुरळं सापडली. मी बटाटा, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्या वळू लागले. तो शेजारी बसून वळायचा. त्याच्या गोळ्या माझ्यापेक्षा गोल व्हायच्या.

जुलैत त्यानं विचारलं, "इथेच राहशील? म्हणजे... कायमची?"

"सलग सात सकाळी सापळे रिकामे दिसले की सांगते."

"ही अट की पळवाट?"

पळवाटच होती. एकटीच्या खोलीची मला फार सवय झाली होती.

आकडा मात्र हलेना. मग कळलं, त्याची आई रोज संध्याकाळी फवारा मारत होती.

"काकू, त्या वासानं झुरळं गोळ्यांना तोंडच लावत नाहीत."

"मग काय हात जोडू त्यांना?"

पण फवारा थांबला. आकडा नऊवर आला आणि तिथेच अडला. नऊही झुरळं पूर्वजांच्या देव्हाऱ्याजवळच्या सापळ्यावर असायची. खालच्या कपाटात, जाळून पूर्वजांना पोचवायच्या कागदी नोटांचे गठ्ठे वर्षानुवर्षं ओल धरून पडले होते.

"त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या.

कौल घ्यायला त्यांनी चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे टाकले; सलग तीन होकार हवे होते. एक उताणा, एक पालथा — होकार. पुन्हा होकार. तिसऱ्या खेपेला एक तुकडा खुर्चीखाली घरंगळला. आम्ही तिघंही गुडघ्यांवर वाकलो... होकार.

"पण पूर्वजांकडे झुरळं पाठवायची नाहीत हं," काकूंनी बजावलं. म्हणून साबणाच्या पाण्यावर एकेक गठ्ठा झटकला, मग अंगणात आदरानं जाळला. रिकाम्या कपाटात रुई-फंगच्या गोल गोळ्या ठेवल्या.

ऑक्टोबरात पहिली रिकामी सकाळ आली. मग दुसरी.

सातव्या सकाळी त्यानं विजेरी धरली, मी सापळा उचलला. कोरा.

"पूर्वजांनी तीन खेपांत उत्तर दिलं," काकू म्हणाल्या. "हिला तीन महिने लागले."

त्यानं विजेरी विझवली. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहते," मी म्हणाले. "कायमची."