दोन पेले काढा

"माझ्या मालकाला फाशी हुईल, साहेब," साळूबाई म्हणाली. मग खाली मान घालून हळूच म्हणाली, "आन् त्यांचं त्या चांगुणाशी काय हुतं का, तेबी शोधा."

नृसिंहाला वाटलं, हिला दुसऱ्याच प्रश्नाची घाई जास्त. त्याचे स्नेही हेमचंद्र वैद्य नगरात खाजगी तपास करत. साळूबाई त्यांच्याकडेच आली होती.

साल एकाहत्तर. कोल्हारला सहादेव आणि त्याची बायको चांगुणा घरात मरून पडले होते. काढ्यात एंड्रीन, पिकावर मारायचं विष. काढ्याचा अडुळसा शेजारच्या गोरक्षनाथाने दिलेला. विषाचा डबाही त्याच्याच गोठ्यात सापडला. गोरक्षनाथ म्हणजे साळूबाईचा नवरा.

कोठडीत तो एवढंच बोलला, "चांगुणा माझ्या आजोळची, पाथर्डीची. तिच्या आईचा निरोप आनायचो. भाऊ म्हनायची मला."

सहादेवची आई राहीबाई पलीकडच्या घरात राहायची.

"सुनेचं नाक सर्दीनं गच्च हुतं. कशाचा वास येत नव्हता तिला," ती म्हणाली. "दोघांचे पेले रिकामे. सकाळी बैल माझ्या दारात."

"दावी तुटलेली?" हेमचंद्रांनी विचारलं.

"न्हाई, सोडलेली."

"सहादेवला सर्दी होती?"

"धडधाकट हुता. विहिरीवरनं एकदा आला, तवापासनं गप मात्र झाला."

"विहीर कुणाची?"

"आमची आन् गोरक्षनाथाची एकच."

परतताना नृसिंह म्हणाला, "बैलही गोरक्षनाथानेच सोडले असतील."

"कशासाठी?" हेमचंद्रांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर फौजदारांसमोर हेमचंद्र बोलले. साळूबाई दाराशी बसली होती.

"एंड्रीनचा वास उग्र, घासलेटासारखा. चांगुणाला तो कळणं शक्य नव्हतं. सहादेवचं नाक साफ होतं. तरी त्याने पेला तळापर्यंत रिकामा केला, कारण आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. सकाळी वैरण घालायला आपण नसणार, म्हणून बैल आधीच सोडले. बाहेरचा खुनी बैलांची काळजी करत नाही."

"आणि डबा?" फौजदारांनी विचारलं.

"त्यानेच नेऊन ठेवला. बायकोवर संशय, तिच्यावाचून जगणंही नको, आणि गोरक्षनाथ मागे सुखात राहिलेला त्याला बघवत नव्हता."

मग साळूबाईकडे वळून ते म्हणाले, "पण विहिरीवर त्याला कुणी काय सांगितलं?"

विहीर दोनच घरांची. साळूबाईने डोळे मिटले.

"मीच बोलले. 'तुझ्या बायकूला आवर' म्हनाले. एवढंच. माझ्या जिवाची लई आग हुत हुती."

"त्या दोघांत काही नव्हतं, बाई," हेमचंद्र म्हणाले.

गोरक्षनाथ सुटला. कोल्हारच्या थांब्यावर साळूबाईने त्याला स्वतःच सगळं सांगितलं. नगरची एस.टी. आली तसा तो उठला.

"घरला चला की," ती म्हणाली.

"पाथर्डीला जातो. चांगुणाच्या आईला अजून कुनी सांगितलं न्हाई," म्हणत तो गाडीत चढला.