एम. सी. आंबेमोहर गप्प बसतो

“मुळशीत माझं तोंड बंद करणारा अजून जन्माला यायचाय!” इंद्रजित माईकवर गरजला, आणि पुढच्याच ओळीला त्याचा आवाज बंद पडला.

त्याला मात्र ते कळलं नाही. मागं ठेका दणक्यात चालू होता. तो तसाच बोटं नाचवत, डोळे वटारत, छाती बडवत अख्खा रॅप म्हणून मोकळा झाला. समोरच्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या.

कार्यक्रम धरणाच्या काठावरच्या एका नव्या रिसॉर्टवर होता. नजर जाईल तिथं पाणी, तरी मालकानं पोहायचा तलाव बांधला होता, आणि त्याचं उद्घाटन होतं. मुख्य आकर्षण एम. सी. आंबेमोहर, म्हणजे घोटावड्याचा इंद्रजित. त्याच्या वडिलांनी भाताच्या खाचरावर भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या आणि हा त्यांच्या गच्चीवर सराव करायचा. खालचे कंपनीतले भाडेकरू वर तोंड करून “भैया, थोडा धीरे” म्हणायचे. ही त्याला मिळालेली पहिली दाद.

स्टेजवरून उतरल्यावर एकजण म्हणाला, “भावा, लई भारी! आवाज असता तर अजून मजा आली असती.”

इंद्रजित तरातरा साऊंडवाल्याकडं गेला. तिथं साऊंडवाला नव्हता, मुलगी होती. पावसाची बारीक बुरबुर चालली होती. तिनं छत्री मिक्सरवर येईल अशी अडकवली होती आणि स्वतः भिजत, कोपराला वळसे घालत वायर गुंडाळत होती. केसांवर थेंब साखरेसारखे बसले होते… पण तो भांडायला आला होता, म्हणून त्यानं तिकडं पाहिलं नाही. म्हणजे, एकदाच पाहिलं.

“माझा आवाज कुणी बंद केला?”

“मी.”

“का?”

“शिट्टी मारत होता.”

“मी?”

“माईक! त्याचं डोकं मुठीत धरलं की शिट्टी मारतो. गळा दाबल्यागत धरला होतास.”

“सगळे रॅपर असाच धरत्यात. माईक काय तुझ्या बापाचा हाय का?”

“व्हय.”

तिनं पायानं शेजारची पेटी फिरवली. पेटीवर लाल रंगात लिहिलं होतं – हैबतराव साऊंड सर्व्हिस, पौड.

इंद्रजितनं ते वाचलं. मग तिच्याकडं पाहिलं. मग पुन्हा वाचलं.

“तुमचं… नाव काय म्हणालात?” ‘तू’वरून तो थेट ‘तुमी’वर आला होता.

“म्हणले न्हाई अजून. साधना. आन् हातातला तेवढा माईक खाली टाकू नका. मागं एकानं ष्टाईलमधी टाकला, तर आप्पांनी त्याला दिवसभर स्पीकर उचलायला लावले.”

त्या दिवशी इंद्रजितनं काहीही न टाकता सगळे स्पीकर उचलले.

*

इकडं त्याच्या मुक्या रॅपचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर फिरवला. लोकांनी त्याला सासूचे, साहेबांचे, वर्गशिक्षकांचे आवाज चिकटवले. आठवड्याभरात अख्ख्या महाराष्ट्राला तो चेहरा पाठ झाला. मुंबईच्या एका निर्मात्यानं तो व्हिडिओ आवाज नसतानाच पाहिला आणि ओरडला, “डोळे! याचे डोळे बोलतात!”

अशा रीतीनं, बडबडीसाठी जन्मलेल्या माणसाला ‘मौनात मी तुझ्या’ या मालिकेत मुक्या हीरोचं काम मिळालं.

मालिका अशी : कोट्यधीशाचा मुलगा. नायिका जिन्यावरून घसरते, ते पाहून याची वाचा जाते. वाचा दिवाळीच्या महाएपिसोडला परत येणार होती. पण मुका असताना टीआरपी चढत राहिला, म्हणून ती संक्रांतीवर गेली. संक्रांतीला पाडव्यावर गेली. करारात एक अट होती – वाचा परत येईपर्यंत हीरोनं चारचौघांत एक शब्दही बोलायचा नाही. लक्ष ठेवायला चॅनेलनं दयानंद नावाचा माणूस दिला होता. पुण्याचा, मऊ, घामट.

“सर, ओठ!” दयानंद कानाशी यायचा. “आत्ता हलले तुमचे ओठ.”

“जांभई दिली रे.”

“जांभईत ‘अरारा’ असं काहीतरी होतं, सर.”

शूटिंगचा बंगला मुळशीतच होता, आणि तिथला साऊंड, गणपती असो की वाढदिवस, हैबतरावांचा. म्हणून साधनाचा टेम्पो येत राहायचा. टेम्पोच्या मागच्या बाजूला, स्पीकरच्या दोन खोक्यांमधे, ताडपत्रीखाली, एक माणूस बसेल एवढी जागा होती. दोघं बसायचे. ताडपत्रीवर पाऊस टपटपायचा, आत खोक्यांचा कोंदट वास, आणि इंद्रजित दिवसभराचं साठलेलं सगळं कुजबुजत ओतायचा. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिच्या कानाशी बोलावं लागायचं. याबद्दल दोघांची तक्रार नव्हती.

“ऐक… आंबेमोहर नाव माझं, वास जातो लांब, माझ्यापुढं बोलायचं तर आधी जरा थांब!”

“थांबले. पुढं?”

“पुढं… न्हाई सुचत. तू अशी बघतीस.”

“कशी?”

“मिक्सरकडं बघितल्यागत. कुठला खटका दाबावा म्हणून.”

ती हसली. कानातला डूल हलला. “खरं सांगू? स्टेजवर तू मोठ्यानं बोलायचास, ते गर्दी ऐकायची. हे हळू बोलतोस ना… हे मला ऐकू येतं.”

इंद्रजित गप्प झाला. करारामुळं नाही.

“साधना, आप्पांना विचारायला येऊ का?”

“आप्पांना मी विचारलं.” तिनं वायरचं वेटोळं उगाच घट्ट केलं. “नको म्हणत्यात. म्हणत्यात, मुका नको.”

“आन् तू?”

“मी? मी कुठं मुका नको म्हणले…”

शब्द तोंडातून निसटल्यावर तिला त्याचा दुसरा अर्थ लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इंद्रजित हसू दाबायला गेला, ते डोळ्यांतून बाहेर आलं – डोळे बोलायचेच त्याचे. तो थोडा पुढं सरकला. तीही मागं सरकली नाही…

ताडपत्री वर झाली. “सर,” दयानंद म्हणाला, “शॉट रेडी आहे. आणि ओठ, सर.”

*

हैबतरावांचं म्हणणं त्यांच्या परीनं सरळ होतं. “आवाज विकून घर उभं केलंय मी. जावई मुका केला तर गाव हासंल. ज्याला माईकची गरजच न्हाई, असा माणूस घेऊन करू काय?”

“आप्पा, तो नाटक करतोय! खोटा मुका हाय.”

“मग एकदा माझ्यासमोर खरं बोलू दे की. तोवर त्या कंपनीतल्या रोहितला ताटकळत ठेवतो. पण फार न्हाई ठेवणार.”

रोहित सुपरवायझर होता, हे साधनाला माहीत होतं. तो बोलायचा, हेही माहीत होतं. सदानकदा बॉयलरबद्दल.

शेवटी एका रविवारी इंद्रजितची मंडळी पौडला आली. बघण्याचा कार्यक्रम ठरला होता, पण बघायचं होतं मुलाला. घरातल्या घरात तो बोलणार होता, पण टीव्हीतला हीरो आला म्हटल्यावर आळी लोटली. खिडक्यांतून मोबाईल आत आले. दारात दयानंद उभा राहिला आणि त्यानं कपाळाचा घाम पुसला. त्याच्या हिशेबानं इतके चारचौघे एका जागी कधी जमले नव्हते.

साधना पोहे घेऊन आली. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही.

हैबतरावांनी घसा खाकरला. “नाव काय तुमचं?”

इंद्रजितनं दयानंदकडं पाहिलं. दयानंदनं मान हलवली. नाही.

“शिक्षण?”

दयानंदची मान पुन्हा हलली.

“बरं, जरा बोलून तर दाखवा.”

“हैबत, लेकराला तरास देऊ नको रे!” हैबतरावांची बहीण तुळजाबाई पुढं झाली. मालिकेचा एकही भाग तिनं चुकवला नव्हता. “डॉक्टरांनी काय सांगितलंय त्याला? मोठा धक्का बसला की वाचा येणार.”

“आत्या, ते मालिकेत,” साधना म्हणाली.

“आगं, मालिकेत बी तोच हाय की!”

आणि कुणाला काही कळायच्या आत तुळजाबाईनं उकळता चहा लेकराच्या मांडीवर सोडला.

आळीनं श्वास रोखला. इंद्रजितचे डोळे आधी मोठे झाले, मग लाल झाले, मग वाहायला लागले. पायाची बोटं सतरंजीत रुतली. तोंडातून हूं की चूं नाही. दयानंदनं कृतज्ञतेनं हात जोडले.

“खराच मुका हाय बिचारा,” तुळजाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली.

हैबतराव उठले. “झालं. पावण्यांनो, पोहे खाऊन घ्या. मी रोहितच्या घरी फोन करतो.”

साधनानं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला, आणि एकदाच इंद्रजितकडं पाहिलं. रागानं नाही, रडतही नाही. नुसतं… आवाज बंद करून ठेवल्यासारखं.

इंद्रजित उभा राहिला. मांडीवरून चहा ठिबकत होता.

“सर, नको,” दयानंद म्हणाला. “महाएपिसोड अजून…”

इंद्रजितनं तोंड उघडलं. पण इतके महिने कुजबुजायची सवय लागलेली. घशातून नुसती हवा आली आणि हवेबरोबर एक वाक्य आलं, जे पहिल्या ओळीलाही ऐकू गेलं नाही.

“काय म्हणला?” मागून कुणीतरी विचारलं.

“आवाज न्हाई येत!”

हैबतरावांच्या हातात फोन होता. पण समोर माणूस बोलतोय आणि मागच्यांना ऐकू येत नाही, हे त्यांना आयुष्यात कधी सहन झालं नव्हतं. त्यांनी फोन बाजूला ठेवला, आतून माईक आणला, खटका दाबला, सवयीनं दोनदा टिचकी मारली, “च्याक, च्याक,” म्हणाले आणि माईक मुलाच्या हातात दिला.

“डोकं मुठीत धरू नको,” ते म्हणाले.

इंद्रजितनं माईक खालून, नीट, चमचा धरावा तसा धरला.

“मला साधना आवडती.”

घरावर दोन भोंगे होते, दोन्हींची तोंडं एसटी स्टँडकडं. स्टँडवर एक गाडी सुटायची थांबली.

“टीव्हीत जे मिळालं, ते तिनं आवाज बंद केला म्हणून मिळालं. आता ते गेलं तरी चालंल. मला अजून काय बी सांगायचं न्हाई. मांडी भाजतीये.”

कशालाच यमक नव्हतं. त्याचं त्यालाही नवल वाटलं.

साधनानं पदर नसतानाही पदर चाचपला. मग बापाच्या हातातून माईकची वायर सोडवत म्हणाली, “आप्पा, आवाज पोचला का?”

“पोचला,” हैबतराव म्हणाले. “स्वच्छ हाय आवाज. उगाच घुमत न्हाई.” आणि मग तुळजाबाईकडं वळून, “बर्नॉल आण.”

तुळजाबाई हुंदके देत होती. तिच्या चहानं वाचा आली होती, आणि हे पुढं तिनं कुणालाही विसरू दिलं नाही.

*

चॅनेलनं दुसऱ्या दिवशी इंद्रजितला काढून टाकलं. मालिकेत त्याच्या जागी दुसरा मुका आणला. पण पौडच्या भोंग्याचा व्हिडिओ पहिल्या व्हिडिओपेक्षा जास्त फिरला, आणि लग्नाची हळद उतरायच्या आत सिनेमा चालून आला. विषय मुळशीच्या रॅपरचा. हीरो इंद्रजित.

सिनेमा लागला त्या दिवशी दुपारच्या पहिल्या शोला साधनाच्या टेम्पोतून अर्धी आळी पुण्याला गेली. दिवे मालवले. पडद्यावरच्या इंद्रजितनं धरणाच्या भिंतीवर उभं राहून तोंड उघडलं. आवाज दुसऱ्याच माणसाचा होता. दिग्दर्शकाच्या मते इंद्रजितची मुळशीची बोली अस्सल वाटत नव्हती, म्हणून त्यांनी दादरचा एक आवाज लावला होता. हे इंद्रजितला सांगायचं राहून गेलं होतं.

अंधारात साधनानं त्याचा हात शोधला.

“तू काय म्हणला होतास हितं?” तिनं हळूच विचारलं. “खरं काय म्हणला होतास?”

तो तिच्या कानाशी वाकला आणि स्वतःच्या आवाजात सांगू लागला. पुढचं वाक्य आलं, तेही सांगितलं. मग त्याच्या पुढचं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. अख्खा सिनेमा तिनं तसाच ऐकला असता, पण मागच्या रांगेतून तक्रार गेली.

मध्यंतराच्या आधी टॉर्चवाला आला आणि सिनेमा चालू असताना बडबड केल्याबद्दल त्यानं हीरोला बायकोसकट बाहेर काढलं.