सरी म्हणेपर्यंत

बंगलोरजवळ बन्नेरघट्ट्याच्या जंगलात मी शहाण्णव साली बिबट्यांचे फोटो काढायच्या कामावर होतो. शाळा आठवीतच सुटली होती, पण हे काम मला जमलं. वाटेच्या एका झाडाला डबी बांधायची, समोरच्या झाडाला सायकलच्या मागे असते तशी चकती. डबीतून न दिसणारा उजेड निघतो आणि चकतीवरून परत डबीत येतो. मध्ये जनावर आलं की तो तुटतो आणि कॅमेरा फोटो घेतो.

आमच्या मैत्रेयी मॅडम पुण्याच्या. बिबट्याच्या डोळ्यातही तशीच चकती असते, असं त्यांनी सांगितलं होतं. उजेड जिथून येतो तिथेच परत जातो, म्हणून डोळे चमकताना दिसतात ते टॉर्च धरणाऱ्याला. लांब बाजूला उभं असलेल्याला नाही. माणसाच्या डोळ्यात ती चकती नसते.

डबी बांधली की एकाने बिबट्यासारखं हातापायांवर रांगत मधून जायचं. दुसऱ्याने डबीवरचा दिवा पाहायचा आणि तो पेटला की "सरी" म्हणायचं, म्हणजे कन्नडमध्ये झालं, ठीक आहे. मग रांगणाऱ्याने उठायचं. रांगायचं काम संताजीअण्णाचं. तो आमच्याच गल्लीतला. घरी बायको बसू देत नाही आणि इथे तू उठू देत नाहीस, असं मला म्हणायचा.

ऑगस्टमध्ये मी रोल धुवायला मल्लेश्वरमला गेलो होतो. त्या दिवशी अण्णा एकटाच डबी बांधायला गेला, तो परत आला नाही. पुष्कळ शोधलं. डबी तेवढी नीट बांधलेली होती. त्याची बायको कौशल्याअक्का रोज विचारायची, फोटोत काही आलं का. आहे की गेला, एवढं तरी कळू दे, म्हणायची.

मी त्या कॅमेऱ्यात नवा रोल भरला. तो धुतला तर त्यात अण्णा होता. हातापायांवर, तोंड कॅमेऱ्याकडे. दोन्ही डोळे हिरवे पेटलेले.

अक्काला दाखवू नकोस, असं मॅडम म्हणाल्या. पण ती दारातच उभी होती. मी दाखवला.

तिने बराच वेळ पाहिला. रडली नाही.

"स्वल्प वाळलाय," ती म्हणाली. मग विचारलं, "त्याला सरी कोण म्हणालं?"

"कोणीच नाही, अक्का."

"मग तो उठेल कसा? तू जा. सांग त्याला."

दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता मी मॅडमबरोबर गेलो. त्या डबीपाशी थांबल्या, मी वाटेने थोडा पुढे गेलो. रातकिडे बंद होते. ओल्या केसांसारखा वास येत होता. बांबूत टॉर्च मारला, तर गुडघ्याच्या उंचीवर दोन हिरवे ठिपके...

"अण्णा," मी म्हणालो. "सरी... सरी, अण्णा."

ठिपके वर येऊ लागले. सावकाश, कंबर धरलेला माणूस उठतो तसे. माझ्या छातीपर्यंत आले, मग डोळ्यांसमोर. अण्णा माझ्याहून बुटका होता. ते थांबले नाहीत. मी टॉर्च वर वर करत गेलो.

मागून मॅडमनी विचारलं, "अरे, शेंड्यावर काय शोधतोयस?"