पिवळी वायर

स्टिरिओ बॅटरी खातो तेव्हा दहात नऊ वेळा हरामखोरी आमचीच असते. किल्ली काढली तरी गाणी चालू हवीत म्हणून गिऱ्हाईक मागे लागतं आणि आम्ही लाल-पिवळी वायर एकत्र पिळून देतो. खरवईच्या भूपेशसाहेबांना मीच तशी पिळून दिली होती. त्यांची आई, कौसाबाई, गाडीत एकटी बसायची. तिला आवाजाची सोबत हवी होती.

बॅटरी बसली. मी वायरी सुट्या केल्या. तरी बसली. म्हणून सकाळी मोरिवलीहून हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गेलो. कौसाबाई मागच्या सीटवर होती. अकराला डायलिसिस, कालचं चुकलेलं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

"रिक्षा करा ना, साहेब."

"ह्या गाडीतून तिला हलवता येत नाही. तुम्ही फॉल्ट शोधा, मिस्त्री."

दारं लावून, काचा वर करून तपासलं तरच खरा करंट कळतो. बॅटरीची वायर सोडवून मध्ये मीटर जोडला, तो साहेबांच्या हातात दिला आणि आत बसलो. आत औषधांचा वास. स्टिरिओ उपसून मांडीवर घेतला.

"किती?"

"दोन अँपिअर."

आकडा पडावा म्हणून एकेक करत सगळे फ्यूज काढले.

"दोन."

"मीटरच्या पिनाच काढा."

"काढल्या."

"आता?"

"दोनच."

"सकाळी सकाळी चेष्टा करता काय माझी?"

मी दाराकडे वळलो. लॉक खट्कन पडलं. हँडल ओढलं तर ढिलं, नुसतं हलणारं.

"जोर नको लावू, बाळा," कौसाबाई म्हणाली. "मी कालपासून लावतेय."

साहेबांनी बॉनेट पाडलं. बाहेरून मागचं दार उघडलं, अगदी सहज, आणि आईला उचललं. मी सीटवरून मागे झेपावलो तोवर दार लागलं होतं.

"माफ करा, मिस्त्री. कुणीतरी आत लागतंच. तिला सोडून परत येतो."

"कुणाला घेऊन येशील?" कौसाबाईने विचारलं.

साहेब तिला उचलून गेटकडे चालले. गेटवर रिक्षा उभीच होती.

शिव्या घातल्या. पाना काचेवर हाणला. ओरखडाही नाही.

समोरच्या काचेवर मीटर ठेवलेला, पिना मोकळ्या लोंबत.

मी श्वास घेतला. आकडा चढला.

सोडला. उतरला.

मी श्वास रोखून धरला.

आकडा चढत-उतरत राहिला.