चित्रात न दिसलेली चीर

"दोष नाही," निदानक म्हणाला. निदानक म्हणजे आमच्या क्रीडाशाळेतला तपासणी-रोबो.

बोरसे सरांनी लगेच डोळे वटारले. "ऐकलंस, शर्वाणी? नाटकं पुरे. उद्यापासून मैदानात, नाहीतर संघातून नाव काढतो."

माझं डोकंच सणकलं. खो-खोत उकिडवं बसायचं आणि खो मिळाला की उसळायचं. नेमकं तेव्हाच माझा डावा गुडघा कट्‌कन अडकायचा.

"काढा नाव," मी म्हणाले. "पण मी खोटारडी नाही!"

तडक आबांकडे गेले. आबा माझे आजोबा, आधी हाडांचे डॉक्टर, मग शास्त्रज्ञ. निदानकाचं एमआरआय यंत्र (चुंबक आणि रेडिओलहरींनी शरीराच्या आतलं चित्र काढणारं) त्यांनीच घडवलेलं. म्हणजे दाद मागायची ती आरोपीच्या बापाकडे!

"आबा, तुमचं यंत्र चुकलंय."

"शंभरातली नव्वद उत्तरं बरोबर देतं ते," आबा गुरगुरले.

"आणि उरलेली दहा? ती माणसंच ना?"

आबांनी माझा गुडघा वाकवून हळूच वळवला. कट्! मी किंचाळले.

"हं," ते म्हणाले. "चित्र काढताना तू पाय सरळ करून झोपली होतीस. गुडघ्यातल्या दोन हाडांच्या मधे मेनिस्कस (कूर्चेची चंद्रकोरी गादी) असते. तिच्या मागच्या काठाला चीर असेल, तर पाय सरळ असताना कडा मिटतात. उसवलेली उशी दाबल्यावरच भोक दिसतं ना, तसं."

"मग आत जाऊन बघा की!"

"बघता येतं. आर्थ्रोस्कोपी (बारीक छिद्रातून सांध्यात दुर्बीण घालून पाहणं). चीर थेट दिसते, तिथेच शिवताही येते. पण त्याला भूल लागते, छेद घ्यावा लागतो, जंतुसंसर्गाचा थोडा धोका असतो. शिवाय हाडाच्या आतली इजा दुर्बिणीला दिसत नाही, ती एमआरआयलाच कळते. म्हणून आधी हातांनी तपासायचं, मग चित्र. तक्रार आणि चित्र जुळलंच नाही, तर दुर्बीण."

"आमचं कुठे जुळतंय?"

"आणि आत काहीच निघालं नाही तर? सर हसतील."

"हसू देत! गुडघा माझा आहे."

आईने शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही केली. मला कमरेखाली भूल दिली होती, त्यामुळे पडद्यावर सगळं दिसत होतं. कुरेशी डॉक्टरबाईंनी बारीक आकड्याने गादीचा मागचा काठ उचलला आणि चीर आ वासून उघडली. मला रडूच कोसळलं, आनंदाने!

"पोरी, चुकलो मी," आबा म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी निदानकाला नवं वाक्य शिकवलं: "मला दोष दिसला नाही. खेळाडूला काय होतंय, तेही विचारा." माझं चित्रही त्याच्या अभ्यासात घातलं. पुढच्या मुलीची चीर तो कदाचित ओळखेल.

बोरसे सर भेटायला आले. खुर्चीत अवघडून बसले.

"इतकं होत होतं, तर सांगायचं नाही का गं?"

"सांगत होते, सर. तुम्ही चित्राला विचारत होतात." मी पट्टी बांधलेला पाय उशीवर नीट ठेवला. "चीर शिवलीय, आता सहा महिने खेळ बंद. माझी जागा राखून ठेवा."