म्हातारीचा चकवा

मावशीने लपवलेला शेवटचा डबा शोधायचा, आणि तोही आजच, एवढ्यासाठी तिघं जण रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून धुक्यात शिरले. आज डबा सापडला नाही, तर ॲपवरची त्याची नोंद कायमची पुसली जाणार होती. तेवढ्याने जगाचं काही अडणार नव्हतं. मावशीच्या नवऱ्याचं, काकांचं, मात्र अडणार होतं.

खेळ तसा साधा. कुणीतरी रानात डबा लपवतं, जीपीएस यंत्रावर त्या जागेचा बिंदू घेतं आणि ॲपवर टाकतं. बाकीचे यंत्रातल्या बाणामागे चालत जातात, डबा शोधतात, आतल्या कागदावर सही करतात, एखादी चीजवस्तू घेतात, एखादी ठेवतात आणि डबा होता तिथे ठेवून परत येतात. मोठ्या माणसांनी असले उद्योग करावेत का, हे विचारणाऱ्यांनी मावशीला भेटायला हवं होतं. केस पांढरे झाल्यावर तिला हा नाद लागला आणि घरात बिस्किटांचा म्हणून एक डबा जागेवर राहिला नाही.

शेवटचा डबा लपवायला ती एकटीच गेली होती. एका ट्रकवाल्याने तिला घरी आणून सोडलं तेव्हा ती कमरेपर्यंत चिखलात माखलेली होती आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. कुठे पडला ते तिला सांगता येईना. अंगात ताप असतानाच तिने बिंदू ॲपवर टाकला आणि मग ती जी बडबडायला लागली ती एकच गोष्ट. ‘माझ्यापुढे एक बाई चालतेय. हाका मारते तरी थांबत नाही. तिची पावलं अजून ओली आहेत.’ डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन विचारलं, यांचं आधीपासून असंच आहे का? काका गोंधळले आणि ‘हो’ म्हणून गेले. मावशीने ते ऐकलं होतं. त्या आठवड्यातच ती गेली.

तेव्हापासून ते ‘हो’ काकांच्या घशात अडकून बसलं होतं. त्यात तिने टाकलेला बिंदू निघाला भर दलदलीत. शोधणारे येत, चिखल बघून परत जात आणि ॲपवर टवाळी करत. कुणीतरी त्या डब्याचं नावच ‘म्हातारीचा चकवा’ ठेवलं. काका रोज रात्री ते सगळं वाचत. डबा नाहीच असं ठरलं, तर मावशीचं डोकं फिरलं होतं हेही ठरलं. डबा असला तर ती शेवटपर्यंत शहाणी होती, आणि मग त्या ‘हो’साठी निदान तिची माफी तरी मागता आली असती.

सोबत आलेल्या मावशीच्या भाचीला हे ठाऊक होतं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. मावशीचा तो जाड काचांचा चष्मा तिच्याच हातचा. तिसरा गडी बाणराव. हा पडदे शिवायचा, आणि रानात आला की यंत्रातल्या बाणावरची नजर हलवायचा नाही, म्हणून हे नाव. नोंद ठेवायची की पुसायची, हे बघून यायचं काम ॲपवाल्यांनी त्याच्यावरच सोपवलं होतं. गाडीतून उतरल्याबरोबर त्याने सांगून टाकलं की आपण नियमाप्रमाणे चालणार, भावनेत वाहून जाणार नाही. कुणी त्याला वाहा म्हटलंही नव्हतं.

झाडी संपली आणि दलदल लागली. म्हणजे लागली असावी. दिसत काहीच नव्हतं. धुक्यातून लव्हाळ्यांचे शेंडे तेवढे वर आले होते आणि त्यापलीकडे सगळं पांढरं. पाखरू नाही, बेडूक नाही. बाण सरळ त्या पांढऱ्यात शिरत होता. कुठून तरी आत जायला कोरडी वाट असेल, म्हणून ते काठाकाठाने निघाले. दलदल उजव्या हाताला, बाणही उजव्या हाताला. डाव्या हाताला धुक्यातून एक काळा खडक डोकावला आणि मागे पडला.

मग भाचीला तो आवाज ऐकू आला. चपक्. चपक्. ओल्या मातीतून पाय उचलल्याचा. मागून! ती थांबली तसे तिघंही थांबले. आवाज मात्र आणखी एक पाऊल चालला आणि मग थांबला. बाणरावाने घसा खाकरून सांगितलं की चिखल दबला की नंतर फुगतो, त्याचा आवाज होतो. त्यानंतर तो मधोमध चालू लागला.

थोडं पुढे गेल्यावर काका जागच्या जागी उभे राहिले.

पुढे मातीत पावलं उमटली होती. ते चालले होते त्याच दिशेने जाणारी. खळग्यांत पाणी नुकतंच भरत होतं. काका वाकले आणि त्यांनी एका पावलाला बोट लावलं.

“अजून ओली आहेत,” ते म्हणाले.

भाचीने मोठ्याने हाक मारली. धुक्याने ती गिळून टाकली. काका काठी टेकत पावलांमागे जवळजवळ धावत सुटले, आणि ती त्यांच्यामागे. पावलं संपत नव्हती आणि पुढे माणूसही दिसत नव्हता. पुन्हा डाव्या हाताला एक काळा खडक आला. या रानात सगळे खडक सारखेच दिसतात, असं तिला वाटून गेलं. मागचा तो चपक् चपक् आता आणखी जवळ आल्यासारखा वाटत होता.

“बाण फिरला!” बाणराव ओरडला. “इथून अगदी जवळ आहे!” आणि यंत्र नाकासमोर धरून तो वळला.

भाची नको म्हणेपर्यंत तो गुडघ्यापर्यंत गेला. मग मांडीपर्यंत. त्याने एक पाय उपसायचा प्रयत्न केला आणि दुसरा खोल गेला. हातातलं यंत्र निसटलं. उजळलेल्या पडद्यावरचा बाण चिखलातून खाली जाताना क्षणभर दिसत राहिला. मग तो विझला!

“हलू नका! मागे रेला! पाठीवर!”

भाची पोटावर पडली. काकांनी तिचे पाय धरले. काकांची काठी तिने पुढे सरकवली, ती पुरेना. मग सॅकचा पट्टा सोडून तिने काठीला बांधला आणि भिरकावला. बाणरावाने तो मनगटाला गुंडाळला. ओढा! चिखल सोडेना. पुन्हा ओढा! एक बूट आत ठेवून बाणराव बाहेर आला आणि काठावर पडून धापा टाकत राहिला. नियमांबद्दल तो त्या दिवशी पुन्हा बोलला नाही.

काकांची काठी पुसून देताना भाचीचं लक्ष पुढच्या पावलांकडे गेलं. पावलांच्या शेजारी, एकाआड एक, छोटी गोल भोकं होती. तिने काठीचं टोक एका भोकात ठेवलं. चपखल बसलं.

तिने आपलं यंत्र काढलं आणि चाललेली वाट पडद्यावर मोठी करून पाहिली. वाट कुठे गेलीच नव्हती. दलदलीभोवती एकावर एक कडी पडली होती. उजव्या हाताचा बाण धरून ते गोल गोल फिरत होते आणि आपल्याच पावलांचा पाठलाग करत होते.

“काका,” ती म्हणाली, “आपल्याला चकवा लागलाय. मावशीलाही हाच लागला होता. पुढे चालणारी बाई म्हणजे ती स्वतःच.”

बाणराव अनवाणी पाय चोळता चोळता एकदम थांबला. मावशी बिंदू कसा घ्यायची, हे त्याने विचारलं.

हा प्रश्न त्या खेळातल्या माणसालाच सुचला असता. एकदाच बटण दाबून घेतलेला बिंदू झाडीत इकडेतिकडे सरकतो. म्हणून पक्के खेळाडू यंत्र डब्यापाशी ठेवून काही वेळ सरासरी काढू देतात. यंत्र पुन्हा पुन्हा जागा मोजतं आणि सगळ्यांची मिळून एक धरतं. काम झालं की ते बंद करायचं असतं.

“तिने बंद केलंच नाही!” भाची म्हणाली. “यंत्र गळ्यात अडकवून ती चालायला लागली. ते तिच्या सगळ्या फेऱ्यांची सरासरी काढत बसलं. कड्याची सरासरी कुठे येणार?”

“मधोमध,” बाणराव म्हणाला. “दलदलीत.”

पण बिंदू नेमका मधोमधही नव्हता. भाचीने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. कड्याच्या मध्यापासून तो एका बाजूला जरासा ओढला गेला होता. डबा लपवताना जिथे मावशी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली, त्या बाजूला. मध्यातून बिंदूवरून रेघ पुढे नेली, तर ती कड्याबाहेर त्या काळ्या खडकाशी जात होती. पुन्हा पुन्हा दिसलेला खडक एकच होता, आणि तो डाव्या हाताला होता. बाण उजवीकडे असताना डावीकडे बघतो कोण?

खडकाच्या बेचक्यात, दगडाखाली, बिस्किटांचा डबा होता.

काकांना झाकण उघडवेना, तेव्हा भाचीने उघडलं. आत सह्यांच्या कागदाची गुंडाळी, पेन्सिल, आणि त्यांच्यावर घडी घालून ठेवलेला जाड काचांचा चष्मा. तिच्या हातचा.

लांबचं न दिसणारी माणसं लिहायला बसली की चष्मा काढून ठेवतात. मावशीही तसंच करायची. पहिली नोंद करायला तिने चष्मा काढला, उघड्या डब्यात ठेवला आणि झाकण लावून टाकलं. थोडं चालून गेल्यावर चष्मा नाही हे कळलं असेल. तोवर खडक, झाडं, वाट, सगळं धुक्यात मिसळून गेलं होतं. चष्मा शोधायला ती मागे वळली आणि फिरत राहिली. वेडबीड काही नव्हतं. जो विसरभोळेपणा घराघरांत रोज होतो तेवढाच झाला होता.

काका खडकाला टेकून रडले, अगदी आवाज करून. बाणराव पाठ फिरवून उभा राहिला.

“मी हो म्हणालो गं,” काका चष्म्याला म्हणाले. “मी चुकलो.”

मग तिघांनी सह्या केल्या. चष्म्याच्या बदल्यात काहीतरी ठेवायला हवं, म्हणून काकांनी कोटाचं बटण तोडून डब्यात टाकलं. भाचीने यंत्र खडकावर ठेवलं, सरासरी चालू केली, आणि पुरेसा वेळ झाल्यावर उचललं.

“बंद केलंस ना?” काकांनी विचारलं.

“केलं, काका.”

आता वाट पडद्यावर स्पष्ट होती. दलदलीकडे पाठ करून ते झाडीत शिरले. जमीन कोरडी झाली, पायाखाली पाचोळा वाजायला लागला. धुकं तसंच होतं.

चपक्. चपक्.

इथे चिखल नव्हता. भाची थांबली. आवाज आणखी एक पाऊल चालला आणि थांबला. ती वळणार, तेवढ्यात काकांनी तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हातात चष्मा होता, आणि तो त्यांनी न वळताच, कुणाला तरी दिसावा असा, खांद्यामागे वर धरला.

“मागे बघू नकोस,” ते हळूच म्हणाले. “सावकाश चाल. तिला नीट दिसत नाही.”